रविवारसाठी साडेपाच हजार सह्या

आज रविवार. हा मजकूर आपल्या हाती पडेल तेव्हा घरात दुसरा चहा झाला असेल, कुणी अजून अंथरुणात लोळत असेल, कुणाला पिशवी देऊन मंडईत पिटाळले असेल. आठवड्याच्या सात वारांपैकी हा एक वार आपला, ही गोष्ट आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की तो कधी कुणाला मागून घ्यावा लागला असेल, त्यासाठी अर्ज लिहावे लागले असतील, सभा भरवाव्या लागल्या असतील, हे मनातही येत नाही. अलीकडे मात्र दर वर्षी १० जूनच्या सुमारास मोबाईलवर एक संदेश फिरतो. भारताला रविवारची सुट्टी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी, असे त्यात असते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण विधान जरा सैल आहे. सरकारी कचेऱ्यांना, कोर्टांना रविवारची सुट्टी त्याआधीपासूनच होती. साहेबाला चर्चमध्ये जायचे असे, त्या पुण्याईवर कारकुनालाही घरी बसायला मिळे. लोखंडे यांनी रविवार मागितला तो गिरणीतल्या माणसासाठी. ज्याच्या देवाची, कुटुंबाची किंवा पाठीच्या कण्याची चौकशी करण्याचे कुणालाच कारण नव्हते, अशा माणसासाठी. हा फरक लक्षात घेतला की लोखंडे यांचे काम लहान होत नाही; उलट त्याचा खरा आकार दिसू लागतो.

मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरीकार म्हणून लोखंडे यांच्याकडे पाहिले की पंचाईत होते. हा नायक तुरुंगात गेला नाही. त्याच्या डोक्यावर लाठी बसली नाही, त्याने उपोषण केले नाही, गिरण्यांची धुराडी थंड पाडणारा महासंप पुकारला नाही. उलट सरकारने त्याला रावबहादूर केले आणि जस्टिस ऑफ द पीसही नेमले. असा माणूस भारतातल्या कामगार चळवळीचा जनक कसा ठरतो? पण बँकेतला जुना अधिकारी म्हणून त्याच आयुष्याकडे पाहतो तेव्हा मला त्यात काहीतरी फार ओळखीचे सापडते. हा माणूस कागदाची ताकद जाणत होता. कोणता कागद, कुणाच्या सहीचा, कोणत्या टेबलावर, कोणत्या दिवशी पोचला पाहिजे, हे त्याला नेमके कळत होते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे माळी समाजातले, परिस्थिती बेताची. इंग्रजी शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबले आणि नोकरी सुरू झाली. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात, आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. चरित्रकार या नोकरीवरून भरभर पुढे जातात. मी मात्र तिथे थांबतो. स्टोअरकीपर हा गिरणीतला विलक्षण जागेवर बसलेला माणूस. तो मालकाचा नोकर असतो, पांढरपेशा असतो, साच्यावर उभा राहत नाही. पण पट्टा तुटला, तेल संपले, चात्या मोडल्या की कामगार त्याच्याच खिडकीशी येतो. कुणाचा दंड कापला गेला, कुणाचे बोट गेले, कुणाला दोन महिने पगार नाही, हे सारे त्या खिडकीतून दिसते. हिशोबाची वही आणि घामाचा वास एकाच वेळी समोर असणारी जागा गिरणीत फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

त्या काळची गिरणी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली आणि पुढच्या तीस वर्षांत परळ, ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी या भागात धुराड्यांचे रान उगवले. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे कामाचे तास सूर्य ठरवीत असे. उजाडले की यंत्र सुरू, मावळले की बंद. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून कामगार थोडा सुटे. उन्हाळ्यात तोच दिवस तेरा-चौदा तासांचा होई. पावसाळ्याच्या अंधाऱ्या पहाटे वेळ चुकू नये म्हणून माणसे रात्रीच उठून दाराशी येऊन बसत. घड्याळ घरी कुणाकडे होते? सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या मिळत, पण त्यांतही यंत्रे पुसायला यावे लागे. पगार महिन्याचा, पण तो पुढचा महिना बराच सरल्यावर हाती येई, म्हणजे कामगाराच्या दीड-दोन महिन्यांच्या मजुरीचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. बँकेच्या भाषेत बोलायचे तर कामगारच मालकाला बिनव्याजी कर्ज देत होता. आणि तोवर घर चालवायला त्याने स्वतः कर्ज काढायचे ते मारवाड्याकडून किंवा पठाणाकडून, चढ्या व्याजाने.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास, आणि ही सुधारणा! प्रौढ पुरुषांबद्दल आणि बायकांबद्दल कायदा गप्प होता.

लोखंडे यांनी तोवर नोकरी सोडली होती. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजात आले होते आणि १८८० साली त्यांनी 'दीनबंधू' हे पत्र हाती घेतले. 'दीनबंधू' मुळात कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात काढले. शेतकरी, कारागीर, मजूर यांच्यासाठी, त्यांच्यातल्याच माणसाने काढलेले पत्र. पैशाअभावी ते बंद पडले तेव्हा लोखंडे यांनी ते मुंबईत आणून पुन्हा उभे केले. ठरलेला पगार सोडून तोट्यातले वर्तमानपत्र चालवायला घेणे याला व्यवहारात वेडेपणाच म्हणतात. माझ्यापुढे अशा कर्जाचा अर्ज आला असता तर मी तो मंजूर केला असता असे काही सांगवत नाही.

या संपादकपणात एक प्रसंग आहे आणि तो लोखंडे यांच्या भक्तांना अडचणीचा वाटतो. १८८३ साली फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यातले पहिले काही भाग 'दीनबंधू'त छापले गेले आणि मग लोखंडे यांनी हात आखडता घेतला. मजकूर फार जहाल होता, पत्रावर गदा येईल अशी भीती वाटली असावी. फुले संतापले. आपल्याच माणसांतले संपादक भेकड निघाले, असे त्यांनी जाहीरपणे नोंदवूनही ठेवले. गुरूने शिष्याला असे म्हणावे आणि ते छापील रूपात कायमचे राहावे, यापेक्षा मोठा ओरखडा कोणता? मला यात लोखंडे यांची बाजू पूर्णपणे घेता येत नाही. 'असूड' छापायला हवा होता. पण माणूस ओळखायला हा प्रसंग फार उपयोगी आहे. फुले आग लावणारे होते, लोखंडे आग राखणारे. पत्र जिवंत राहिले पाहिजे, उद्याचा अंक निघाला पाहिजे, हा त्यांचा हिशोब. त्या सावध हिशोबाचे तोटे या प्रसंगात दिसले. त्याचे फायदे पुढच्याच वर्षी दिसायचे होते. आणि हेही सांगायला हवे की दोघांचे नाते तुटले नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण करणारा सोहळा झाला, त्यामागच्या मंडळींत लोखंडे होते.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांतल्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. अशा कमिशनपुढे साक्ष द्यायला कोण जाणार? गिरणीमालक, मॅनेजर, इंजिनिअर, डॉक्टर. मालकांचे म्हणणे ठरलेले होते : आमचे कामगार समाधानी आहेत, कायदा त्यांना नकोच आहे, हे सगळे बाहेरच्यांचे खूळ आहे. या युक्तिवादाला अग्रलेख लिहून उत्तर देता आले असते. लोखंडे यांनी तसे केले नाही. त्यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, कामगारांच्या मागण्यांचे निवेदन तयार केले आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेऊन ते कमिशनपुढे ठेवले. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था याच वेळी उदयाला आली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष. हिंदुस्थानातल्या कामगार संघटनेचा इतिहास साधारणपणे इथून मोजतात.

साडेपाच हजार सह्या हा आकडा वाचताना डोळे पुढे सरकतात. माझे सरकत नाहीत, त्याला कारण आहे. १९८३ साली मी परळच्या एका शाखेत नवा होतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप पुरता मोडला होता पण संपला नव्हता, आणि गिरणगावातली माणसे उरलीसुरली बचत काढायला येत. पुष्कळांना, विशेषतः घरच्या बायकांना, सही येत नसे. अंगठा घ्यायचा तर पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, ओळखीचा साक्षीदार हवा, शाई लावताना बोट धरावे लागे. त्या बोटाचा थरकाप मला अजून आठवतो. ज्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कागदावर निशाणी केली ती फक्त जमीन गहाण टाकताना किंवा सावकाराच्या वहीत, त्याला कोऱ्या कागदाची भीती साहेबापेक्षा जास्त वाटते. बँकेत निदान तो स्वतःचेच पैसे काढत होता. सुपारीबागेतला कामगार ज्या कागदावर निशाणी करत होता तो मालकाविरुद्धचा होता. नाव कळले तर जॉबर उद्या दारातून परत पाठवणार, आणि दाराबाहेर बदलीवाल्यांची रांग उभीच होती. अशा साडेपाच हजार माणसांनी आपले नाव लिहू दिले. ही सभेतली टाळी नव्हती, टाळी वाजवणाऱ्याला नाव नसते. लोखंडे यांनी प्रत्येकाला आपले नाव खर्ची घालायला लावले आणि कामगारांना कायदा नको आहे हे विधान एका कागदाने निकालात काढले.

त्या कागदात मागितले काय, तेही पाहण्यासारखे आहे. मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. आणि कामावर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय व्हावी.

पगारवाढ नाही. आठ तासांचा दिवस नाही. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे सुद्धा बारा तासांच्या आसपासचा दिवस झाला. पगारही महिना संपताच नव्हे, पंधरा दिवसांनी चालेल. आजच्या कुठल्याही युनियनच्या पुढाऱ्याला या मागण्या वाचून हसू येईल. मला त्यात फार मोठी अक्कल दिसते. यातली एकही मागणी अशी नाही की जिला कमिशनवरचा इंग्रज अधिकारी राज्यद्रोह म्हणू शकेल, किंवा मालक धंदा बुडेल म्हणून छाती बडवू शकेल. प्रत्येक मागणी घड्याळावर किंवा कॅलेंडरवर मोजता येणारी. पाळली की नाही हे शेंबड्या पोरालाही सांगता यावे अशी. न्याय द्या, माणुसकीने वागवा, असल्या मोघम शब्दांवर मालक उद्या संध्याकाळी सही करतो आणि परवा सकाळी विसरतो. साडेसहा म्हणजे साडेसहा.

आणि रविवारच का? मालक पुष्कळसे पारशी, भाटिये, काही मुसलमान आणि काही इंग्रज. कामगार मराठा, कुणबी, माळी, महार, मुसलमान, शिवाय कोकणी. ख्रिस्ती सोडले तर कुणालाच रविवार पवित्र नव्हता, असे वरवर पाहता वाटते. पण रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरच्या बहुजन समाजाच्या घरी जेजुरीच्या देवाची तळी भरायची ती या दिवशी. म्हणजे साहेबाचा सुट्टीचा दिवस आणि कुणब्याच्या कुलदैवताचा दिवस एकच निघाला. कचेऱ्यांत आधीपासून चालत आलेला वार मागितला की मालकाला नवीन व्यवस्था लावल्याची सबब सांगता येत नाही, आणि कामगाराला तो परका वाटत नाही. सोयीचा वार होता, आणि तो आपलाही होता.

आता या गोष्टीतली खरी गाठ. फॅक्टरी कायद्याचा आग्रह त्या काळी सर्वांत जोरात कोण धरत होते? मँचेस्टरचे, लँकेशायरचे गिरणीमालक. त्यांना मुंबईच्या कामगाराची कणव आली होती असे नाही. मुंबईचे सूत आणि कापड त्यांच्या मालाशी स्पर्धा करू लागले होते. इथल्या गिरण्यांना कामाच्या तासांचे बंधन नाही आणि आम्हांला आहे, ही त्यांची तक्रार. परदेशी कापडावरची आयात जकात त्यांनी दबाव आणून १८८२ साली रद्द करून घेतलीच होती. त्यामुळे इथले राष्ट्रीय वृत्तीचे पुढारी आणि त्यांची वृत्तपत्रे फॅक्टरी कायद्याच्या विरोधात उभी राहिली. देशी धंद्याचा गळा घोटण्याचा हा विलायती डाव आहे, असा त्यांचा सूर होता, आणि तो खोटा नव्हता. डाव होताच.

मग लोखंडे यांनी काय करायचे? कायदा मागावा तर मँचेस्टरचे हस्तक ठरायचे. गप्प बसावे तर देशी धंद्याच्या नावाखाली तेरा तास उभ्या राहणाऱ्या बाईने आणि नऊ तास राबणाऱ्या पोराने राष्ट्रकार्य म्हणून ते सोसायचे. लोखंडे यांच्या बाजूच्या मंडळींना देशभक्तांशी मुळातच वैर होते असेही नाही. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन हवा होता तेव्हा फुल्यांच्या शब्दाखातर दहा हजारांचा जामीन राहिले ते सत्यशोधक रामशेट बापूशेट उरवणेच. तरीही या प्रश्नावर लोखंडे यांनी कायद्याची बाजू धरली. शेजाऱ्याने आपल्या स्वार्थासाठी का होईना दार उघडले, तर घरात कोंडलेल्या माणसाने त्याच्या हेतूची चौकशी करत आत बसायचे का, असा तो सरळ विचार असावा. काही जणांना तो संधिसाधूपणा वाटला आणि आजही वाटतो. मी या प्रश्नाकडे खूप दिवस दोन्ही बाजूंनी पाहिले आहे, आणि मला लोखंडेच बरोबर वाटतात. देशी मालकाचा नफा आणि देश या दोन गोष्टी एक नाहीत, हे सांगायला त्या काळी फार धैर्य लागत होते. मुंबईतच सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ पासून कामगार कायद्यासाठी धडपड चालवली होती आणि आपल्याच वर्गाचा रोष पत्करला होता. अशी माणसे एकेकटी असतात. लोखंडे यांच्यामागे मात्र साडेपाच हजार नावे होती.

कमिशनने ऐकून घेतले, अहवाल दिला आणि सरकारी रीतीप्रमाणे तो पडून राहिला. सहा वर्षे गेली. या सहा वर्षांत लोखंडे यांनी काय केले, तर तेच तेच केले. पुन्हा सभा, पुन्हा अर्ज, पुन्हा 'दीनबंधू'त मजकूर. चळवळीतला हा भाग लिहायला कंटाळवाणा आणि जगायला सर्वांत कठीण.

१८९० साली वारे फिरले. त्या वर्षी मार्चमध्ये बर्लिनला कामगारविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ब्रिटिश सरकारवर दडपण आले आणि हिंदुस्थानात नवा कायदा होणार हे स्पष्ट दिसू लागले. लोखंडे यांनी नेमकी हीच वेळ साधली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर त्यांनी सभा बोलावली. सुमारे दहा हजार कामगार आले. या सभेत दोन गिरणी कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत, पण कल्पना करून पाहा. १८९० साल आहे. चांगल्या घरच्या बाईने चारचौघांत तोंड उघडले तर गहजब व्हायचा, अशा शहरात दहा हजार पुरुषांपुढे सूतखात्यात राबणाऱ्या दोन बाया उभ्या राहून सांगतात की आम्हांला आठवड्यातून एक दिवस हवा. दळण, कांडण, धुणे, पोराला नीट न्हाऊ घालणे, हे सगळे त्या तेव्हा कोणत्या दिवशी करत असतील?

या वेळी अर्ज सरकारकडे न करता थेट गिरणीमालकांच्या संघाकडे केला गेला. आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. कायदा येणारच होता. तो येण्याआधी आपण होऊन दिल्याचे श्रेय घेतलेले बरे, असा शहाणपणा मालकांनी दाखवला असेल. दाखवला तर दाखवला. गिरणीचे दार रविवारी बंद झाले. सुट्टी बिनपगारी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पुष्कळ विणकरांची मजुरी कामाच्या मापावर, त्यामुळे यंत्र थांबले की कमाई थांबे. तरीही त्यांना ती हवी होती, यावरून उरलेल्या सहा दिवसांची कल्पना यावी. त्याच वर्षी सरकारने नवे फॅक्टरी कमिशन नेमले आणि मुंबईपुरते त्याचे सहकारी सभासद म्हणून लोखंडे यांना घेतले. सहा वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या टेबलापुढे ते कागद घेऊन उभे होते, त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत ते बसले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती हिंदुस्थानभरच्या कारखान्यांना लागू केली, बायकांच्या कामावर अकरा तासांची आणि मुलांच्या कामावर सात तासांची मर्यादा घातली. पुरुषांचे तास मोकळेच राहिले. फुल्यांनी रविवार पाहिला, कायदा पाहिला नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

१८९० हे लोखंडे यांच्या आयुष्यातले भरगच्च साल. याच साली मुंबईत न्हाव्यांची सभा होऊन विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरले, आणि ती घडवून आणण्यात त्यांचा मोठा हात होता. केशवपनाविरुद्ध तोवर सुशिक्षितांनी पुष्कळ लिहिले होते, शास्त्रार्थ केले होते. लोखंडे यांचा विचार गिरणीच्या माणसाचा. प्रथा कुठली का असेना, ती प्रत्यक्षात चालते कुणाच्या तरी हातांनी. मग ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यालाच नाही म्हणायला लावले तर? शास्त्री वाद घालू शकतात, हजामत करू शकत नाहीत. प्रथा एका सभेने थांबली नाही, पण युक्ती पाहा!

आता त्या असोसिएशनबद्दल. १८९२ च्या सुमाराच्या सरकारी अहवालात तिच्याविषयी जे म्हटले आहे ते वाचून मला, जन्म खातेवहीत गेलेल्या माणसाला, गंमत वाटली. या संस्थेला नियमावली नाही, सभासदांची यादी नाही, निधी नाही; तिचे अध्यक्ष लोखंडे हे जो कामगार येईल त्याला फुकट सल्ला देतात, इतकेच. या आधारावर काही अभ्यासक ही कामगार संघटना नव्हतीच असे म्हणतात, आणि नियमाने पाहिले तर त्यांचे बरोबर आहे. अशा संस्थेचे चालू खाते मलाही उघडता आले नसते. घटना नाही, ठराव नाही, खजिनदार नाही. पण वर्गणी गोळा केली नाही म्हणून वर्गणीचा वाद झाला नाही, हेही खरेच. आणि तो फुकटचा सल्ला म्हणजे दंड कापलेल्या, हात गमावलेल्या, पगार थकलेल्या माणसांची रोजची रीघ. तोटा एवढाच की हे सारे एका माणसाच्या प्रकृतीवर आणि चपलांवर उभे होते. तो माणूस गेला की मागे काय उरणार, याची तजवीज झाली नाही. त्यांच्या आयुष्यावर माझा खरा आक्षेप असेल तर तो हा; रावबहादुरकीवर नाही.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणगावातली माणसेही त्यात ओढली गेली. एकाच खात्यात शेजारी उभे राहणारे लोक एकमेकांच्या अंगावर गेल्यावर कामगारांची एकी वगैरे शब्द पोकळ होतात, हे लोखंडे यांना कळत होते. दंगा शमल्यावर त्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा एकोप्याचा मेळा भरवला. बिनयादीची, बिननिधीची माणसे त्यांच्या शब्दावर पुन्हा एकत्र आली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग निघाला, आणि निघाला तो मांडवीत. लोखंडे यांनी जिथे स्टोअरची खिडकी सांभाळली होती, जिथे फुल्यांना महात्मा म्हटले गेले, ती मांडवी. तिथे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. सरकारी इस्पितळाची लोकांना रोगाहून अधिक धास्ती. तिकडे नेले की माणूस परत येत नाही, अशी खात्री. तेव्हा आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी चालवलेली इस्पितळे हवीत, हे ओळखून लोखंडे मराठा प्लेग इस्पितळाच्या उभारणीत पडले. पुन्हा तीच पद्धत : भीती वाटते तर उपदेश करू नका, भीती न वाटणारी जागा उभी करा. ते आजाऱ्यांत वावरत राहिले आणि प्लेगनेच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. वय पन्नाशीच्या आतले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

सरकारने २००५ साली लोखंडे यांच्या नावे टपाल तिकीट काढले. परळमधल्या राज्य सरकारच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. तिच्या अवतीभोवतीच्या बहुतेक गिरण्या आता नाहीत. त्या जागी उंच इमारती आहेत आणि तिथल्या काचेआड काम करणाऱ्या पुष्कळ मुलामुलींना रविवारीही लॅपटॉप उघडावा लागतो.

पण मला राहून राहून आठवते ते १८९७ च्या त्या हिवाळ्याचे. प्लेगच्या भीतीने लोक लाखांनी मुंबई सोडून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. जी उरली होती त्यांच्यासाठी नाक्यानाक्यावर गिरण्यांची माणसे उभी राहून चढाओढीने मजुरी पुकारू लागली. आणि उद्या कोण जगतो याचा भरवसा नसल्याने कामगारांनी महिन्याचा पगार नाकारला. पैसे रोजच्या रोज, संध्याकाळी, हातात हवेत, असे ते म्हणाले. मालकांनी मुकाट्याने दिले. पगार निदान १५ तारखेपर्यंत मिळावा म्हणून ज्याने बारा-तेरा वर्षांपूर्वी साडेपाच हजार सह्या गोळा केल्या होत्या, त्याची चिता त्याच आठवड्यांत विझली होती. साथ ओसरली तशी माणसे परत आली आणि गिरण्या पुन्हा महिन्याच्या पगारावर गेल्या. रविवार मात्र राहिला.